आईचं गहाण बंदुकीनं फेडणारी पोर : ॲनी ओकली आणि उडती चकती

आईच्या शेतावर दोनशे डॉलरचं गहाण होतं. बाप गेलेला, घरात खाणारी तोंडं भरपूर. हे गहाण फेडलं ते घरातल्या पोरीनं आणि तेही बंदुकीच्या जोरावर. दरोडा घातला नाही की कुणाला धमकावलं नाही. रानात जाऊन ससे नि लावे मारले, बाजाराच्या गावातल्या दुकानदाराला विकले, डॉलरला डॉलर जोडला आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास आईची जमीन मोकळी करून दिली.

मंडळी, ही गोष्ट आपल्या तालुक्यातली नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली आहे, दीडशे वर्षांपूर्वीची. पोरीचं नाव ॲनी ओकली. जगभर तिचं नाव झालं ते नेमबाज म्हणून, पण मला तिच्या आयुष्याचा शेवटचा भाग जास्त मोठा वाटतो. त्यात ती नवख्या बायकांना हातात बंदूक कशी धरायची इथपासून शिकवत होती.

आता ही आठवण कशी निघाली ते सांगतो. २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणलं. तेव्हापासून ओळखीची पोरं नेमबाजीचं विचारतात. स्वप्निलचा प्रकार रायफलचा. पन्नास मीटरवरचा ठिपका जागचा हलत नाही, नेमबाजाला स्वतःचा श्वास आवरायचा असतो. नेमबाजीत दुसराही एक प्रकार आहे. त्यात बारा बोअरची छऱ्यांची बंदूक असते आणि यंत्रातून सुटलेली मातीची चकती हवेत फोडायची असते. ठिपका पळतो, आपण उभे. हा प्रकार नवशिक्यानं कसा शिकावा, हे समजून घ्यायचं तर ॲनीबाईची गोष्ट उपयोगाला येते.

दळण आणायला गेलेला बाप

तिचं खरं नाव फीबी ॲन मोझेस. जन्म १३ ऑगस्ट १८६०, डार्क काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखाच तो भाग. शेती बेताची, घर लाकडाचं. बाप दळण घेऊन गिरणीला गेला आणि परतताना बर्फाच्या वादळात सापडला. घरी आला तेव्हा हातपाय गारठून गेले होते. त्यातून तो उठलाच नाही. १८६६ साली गेला. ॲनी तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षांची.

भिंतीवर बापाची जुनी ठासणीची बंदूक टांगलेली होती. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ठासणीची बंदूक सांगायला नको. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी ठासायची, मग शिसं घालायचं, पुन्हा ठासायचं. एक बार काढायला एवढा उपद्व्याप. बार फुकट गेला तर दारूही गेली आणि सावजही गेलं. आठ वर्षांच्या पोरीनं ती बंदूक खाली काढली आणि पहिल्याच बाराला एक खार पाडली. तिच्या नेमाची सुरुवात ही अशी, पोटासाठी.

पण लगेच बरे दिवस आले असं नाही. नवव्या-दहाव्या वर्षी आईला पोरं सांभाळणं जमेना म्हणून ॲनीला काउंटीच्या गरीबखान्यात ठेवलं. तिथं ती शिवणकाम शिकली. तिथून एका शेतकऱ्याच्या घरी कामाला पाठवलं. आठवड्याला पन्नास सेंट पगार आणि शाळा, असं ठरलं होतं. मिळाली ती मारहाण. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवायचे, एकदा तर अनवाणी बर्फात बाहेर काढलं. सुमारे दोन वर्षांनी ती तिथून पळाली. पुढं एवढी नावारूपाला आल्यावरही तिनं त्या घराचं नाव कधी जगाला सांगितलं नाही. त्यांचा उल्लेख ती फक्त लांडगे असा करायची.

घरी परतल्यावर मात्र बंदूक हेच तिचं शेत झालं. सापळे लावायचे, शिकार करायची. ग्रीनव्हिल गावात कॅट्झनबर्गर नावाच्या भावांचं दुकान होतं. ते तिचा माल घेऊन सिनसिनाटी शहरातल्या हॉटेलांना पाठवायचे. तिच्या मालाला मागणी जास्त, कारण बार डोक्यात लागलेला असे, मांसात छर्रा सापडत नसे. खाणाऱ्याच्या दाताखाली शिसं आलं की हॉटेलवाला दुसऱ्यांदा कशाला घेईल? (आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ससे-लावे मारणं गुन्हा आहे. तेव्हा कुणी हे वाचून रानात निघू नये.)

याच कमाईतून ते दोनशे डॉलरचं गहाण सुटलं. शेती करणारा माणूस म्हणून सांगतो, राजाराणीसमोर केलेल्या तिच्या सगळ्या कसरतींपेक्षा मला हे मोठं वाटतं.

एका पक्ष्यानं हरलेला नवरा

फ्रँक बटलर हा आयर्लंडहून आलेला फिरता नेमबाज. गावोगाव खेळ करायचा आणि कुणी स्थानिक नेमबाज समोर आला तर पैज लावायचा. सिनसिनाटीला एका हॉटेलवाल्यानं त्याच्याशी शंभर डॉलरची पैज लावली. मैदानात आली ती पाच फुटांची, साध्या कपड्यातली पोरगी. फ्रँकला हसू आलं असणार. त्या काळी चकत्या नव्हत्या, जिवंत कबुतरं सोडायचे. पंचवीस पक्ष्यांची लढत झाली आणि फ्रँक एका पक्ष्यानं हरला.

हरलेला गडी रागावून निघून जायचा सोडून तिच्या प्रेमात पडला. दोघांचं लग्न झालं. १८८२ च्या मे महिन्यात फ्रँकचा जोडीदार आजारी पडला म्हणून ॲनी पहिल्यांदा त्याच्यासोबत खेळाला उभी राहिली. लोकांना तीच जास्त आवडली. मग फ्रँकनं जे केलं ते आजही किती नवरे करतील हा प्रश्नच आहे. तो स्वतः मागं सरला. तिचे कार्यक्रम ठरवणं, हिशोब, बंदुकांची देखभाल, हातात निशाण धरून उभं राहणं, हे सगळं त्यानं अंगावर घेतलं आणि जन्मभर निभावलं.

१८८५ ला ती बफेलो बिलच्या मोठ्या खेळात गेली. आपल्याकडची सर्कस आणि तमाशाचा फड एकत्र केला तर जे होईल तसं काहीतरी ते होतं. घोडे, गाई, काऊबॉय, मूळ अमेरिकन टोळ्यांची माणसं. लाकोटा टोळीचा नेता सिटिंग बुल याची तिची ओळख त्याआधीच, १८८४ ला, सेंट पॉल शहरात झाली होती. त्यानं तिला लेक मानलं आणि अचूक नेमाची छोटी पोर अशा अर्थाचं नाव दिलं. १८८७ ला लंडनला व्हिक्टोरिया राणीसमोर, १८८९ ला पॅरिसच्या प्रदर्शनात, असा तिचा खेळ युरोपभर गाजला. कपडे मात्र स्वतः शिवलेले, गरीबखान्यात शिकलेल्या हातानं.

१८९४ ला एडिसनच्या स्टुडिओत तिची काही सेकंदांची फिल्म काढली. ती आज मोबाईलवर बघायला मिळते. नाव टाकून शोधा. चित्र धुरकट आहे, पण तिच्या हाताचा वेग डोळ्यात भरतो.

मातीचं कबुतर

आता चकतीकडं येऊ. जिवंत पक्षी उडवून मारणं महागही होतं आणि क्रूरही. त्याला पर्याय म्हणून काचेचे पोकळ गोळे आले. यंत्रानं उडवायचे आणि बंदुकीनं फोडायचे. १८८५ ला सिनसिनाटीत ॲनीनं एका दिवसात पाच हजार गोळ्यांवर बार काढले आणि ४,७७२ फोडले. बंदुका तीच भरत होती. मात्र गोळ्यांची अडचण अशी की ते पक्ष्यासारखे उडत नसत, आणि मैदानभर काचा.

त्याच सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं १८८० ला मातीच्या चपट्या चकतीचं पेटंट घेतलं. आपण तळ्यावर चपटा दगड भिरकावतो, तो कसा तरंगत जातो? चकतीही तशीच फिरत, हवेवर तरंगत जाते. म्हणून तिला मातीचं कबुतर म्हणू लागले. आज ती चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ मिसळून करतात, रुंदी साधारण ११ सेंटिमीटर. हातात घेतली तर बशीएवढी, आकाशात बघितली तर चिमणीएवढी.

अमेरिकन पद्धतीत यंत्र जमिनीसरशी एका बुटक्या घरात असतं. त्याच्यामागं १६ यार्डांवर, म्हणजे साडेचौदा मीटरच्या आसपास, नेमबाज उभा राहतो. उभं राहायच्या जागा पाच, चकत्या पंचवीस. नेमबाजानं आवाज दिला की चकती सुटते, आणि ती डावीकडं जाईल की उजवीकडं हे आधी कळत नाही.

नवा माणूस काय करतो? चकती दिसली की बंदूक तिच्यावर रोखतो, थांबतो आणि चाप ओढतो. बार मागून जातो. याचं गणित सोपं आहे. छर्रे तीस-पस्तीस मीटर जाईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग जातो. चकती सुटते तेव्हा ताशी पासष्ट किलोमीटरच्या घरात पळत असते. ती आडवी चालली असेल तर तेवढ्यात दीड मीटर पुढं सरकलेली असते.

ज्यानं हुरड्यात आलेल्या ज्वारीत माळ्यावर बसून गोफण फिरवलीय त्याला हे वेगळं शिकवायला नको. उडत्या थव्यावर दगड मारला तर तो रिकाम्या जागी पडतो. थव्याच्या पुढं मारावा लागतो. मी लहानपणी सगळ्या हंगामात एकच पाखरू पाडलं होतं, आणि तेही चुकून, पण पुढं मारायचं हे तेव्हाच कळलं. बंदुकीतही तेच, फक्त एक गोष्ट जास्त. बार निघाल्यावरही बंदूक चकतीच्या वाटेनं फिरती ठेवायची. थांबला की चुकला.

आणखी चुका त्याच त्याच असतात. नजर चकतीवर ठेवायची सोडून नळीच्या टोकावरल्या मण्याकडं जाते. चकती फुटली का हे बघायला गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि गाल उचलला की बार वरून जातो. धक्क्याच्या भीतीनं माणूस मागं झुकतो. खरं तर वजन पुढच्या पायावर हवं आणि दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट. सैल धरला तर खांदा काळानिळा. शक्यतो दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, पण आपला कुठला डोळा जोरात आहे हे आधी तपासायचं. लांबच्या खांबावर अंगठा धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्यानं अंगठा जागेवर राहतो तो जोरातला.

आणि सगळ्यात आधी, काडतूस घालायच्याही आधी, शिकायचं ते हे की बंदूक रिकामी आहे असं कधी धरायचं नाही. पाळी नसेल तेव्हा ती मधून मोडून, उघडी ठेवायची, म्हणजे चार माणसांना दिसतं.

छापून आलेली खोटी बातमी

१९०१ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर कॅरोलिनात बफेलो बिलच्या खेळाची रेल्वेगाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. ॲनीच्या पाठीला मार बसला आणि तिनं तो खेळ सोडला. एवढ्यात दुसरं संकट आलं, आणि ते आमच्या धंद्यातून आलं.

ऑगस्ट १९०३ मध्ये शिकागोच्या हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रात बातमी आली की ॲनी ओकली कोकेनच्या व्यसनापायी चोरी करून तुरुंगात गेली. प्रत्यक्षात पकडलेली बाई वेगळीच होती, ॲनीचं नाव सांगून फिरणारी. कुणी खात्री केली नाही. तारेनं बातमी देशभर गेली आणि गावोगावच्या पेपरांनी ती जशीच्या तशी छापली. आज एखादा मेसेज पुढं ढकलतात ना, तेच.

बऱ्याच पेपरांनी चूक कबूल केली, पण तिचं समाधान झालं नाही. लहानपणी लांडग्यांच्या घरातून जे वाचवून आणलं होतं ते नाव होतं, दुसरं होतं काय? तिनं ५५ पेपरांवर खटले भरले. एकेका शहरात जाऊन स्वतः साक्षीला उभी राहिली. हर्स्टनं तिच्या गावी गुप्तहेर पाठवला, काही काळंबेरं सापडतंय का बघायला. काही सापडलं नाही. १९१० पर्यंत ५५ पैकी ५४ खटले तिच्या बाजूनं लागले. हर्स्टला २७,५०० डॉलर द्यावे लागले. तरी प्रवास, वकील आणि बुडालेले खेळ धरले तर हिशोब तोट्याचाच झाला. शेतकऱ्याला कोर्टाचा हिशोब वेगळा सांगायला नको. मी बातमी पाठवण्याआधी दुसऱ्या माणसाला फोन लावतो तो हे वाचल्यापासून.

बायकांची शिकवणी

१९१३ नंतर तिनं खेळातून निवृत्ती घेतली आणि १९१५ पासून हिवाळ्यात नवरा-बायको उत्तर कॅरोलिनातल्या पाइनहर्स्टला राहू लागले. तिथं मोठं हॉटेल, श्रीमंत पाहुणे. फ्रँक बंदुकीच्या मैदानाची व्यवस्था बघायचा आणि ॲनी बायकांना शिकवायची. सकाळी शिकवणी, मध्ये मध्ये स्वतःचा खेळ.

या शिकणाऱ्या बहुतेक सुखवस्तू घरच्या होत्या हे खरं. पण त्या काळात त्यांनाही बंदुकीला हात लावायची सवय नव्हती. अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा देशभर १९२० ला मिळाला. बायकांनी नेम शिकावा, व्यायाम म्हणून आणि स्वतःच्या रक्षणासाठी, हे ॲनीचं जुनं मत. जन्मभरात तिनं पंधरा हजारांवर बायकांना बंदूक शिकवली असा अंदाज सांगतात.

बंदूक ज्याच्या त्याच्या मापाची हवी यावर तिचा भर असे. नवऱ्याची जड, लांब दस्त्याची बंदूक बाईच्या हातात दिली की तिचा नेम चुकतो आणि दोष बाईला लागतो. दस्ता लांब असेल तर काखेत अडकतो, आखूड असेल तर अंगठा नाकावर बसतो. ॲनी स्वतः वजनाला हलक्या बंदुका वापरायची. आपल्याकडं बापाचं खोरं पोराच्या हातात देऊन त्याला आळशी म्हणतात, तसलाच हा प्रकार.

१८९८ ला स्पेनशी युद्ध होणार दिसताच तिनं राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना पत्र लिहून पन्नास नेमबाज बायकांची तुकडी देऊ केली होती, बंदुका आणि काडतुसंही त्यांचीच. सरकारनं घेतली नाही. १९१७ ला पहिल्या महायुद्धात बायकांची पलटण उभी करायची तयारी दाखवली. पुन्हा नकार. मग ती सैनिकांच्या छावण्यांतून स्वतःच्या खर्चानं नेम दाखवत फिरली. सोबत डेव्ह नावाचा कुत्रा. लोक रुमालात पैसे गुंडाळून लपवायचे, डेव्हनं वास काढून शोधले की ते रेड क्रॉसला. हाच डेव्ह डोक्यावर सफरचंद ठेवून तिच्या बंदुकीसमोर निवांत बसायचा. पुढं स्वतःची पदकंही तिनं वितळवून त्याचे पैसे दानधर्मात दिले.

१९२२ ला, साठी उलटल्यावर, पाइनहर्स्टला १६ यार्डांवरून तिनं लागोपाठ शंभर चकत्या फोडल्या. शंभरात शंभर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात मोटार उलटली. कंबरेचं हाड आणि घोटा मोडला. पायाला कायमचा लोखंडी आधार लागला. दोनेक वर्षांत ती तो आधार लावूनच पुन्हा मैदानात उभी होती.

आता आपल्या पोरांना एक सांगून ठेवतो. भारतात परवान्याशिवाय असली बंदूक बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. शिकायचं असेल तर नोंदणी झालेल्या रायफल क्लबमध्ये नाव घाला. चकतीची नेमबाजी सगळ्या क्लबांत नसते, आधी चौकशी करा. बंदूक आणि काडतुसं दोन्ही महाग आहेत, हेही लपवत नाही. ऑलिम्पिकमधल्या काडतुसात छर्रे असतात चोवीस ग्रॅम, आणि सरावाला अशी काडतुसं शेकड्यानं लागतात. पण उभं राहणं, गाल दस्त्याला चिकटवणं आणि बंदूक फिरती ठेवणं हे घरी काठी घेऊनही रोज करता येतं. उडणाऱ्या बगळ्यामागं काठी फिरवा, कुणी हसलं तर हसू द्या.

शेवटच्या दिवसांत ॲनी आपल्या काउंटीत परतली. रक्ताचा आजार झाला होता. ३ नोव्हेंबर १९२६ ला ग्रीनव्हिलला तिनं प्राण सोडला, ज्या गावच्या दुकानात ती लावे विकायची त्याच गावात. फ्रँकनं अन्न सोडलं. अठरा दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, तोही गेला. दोघांच्या कबरी जवळच्या ब्रॉक या खेड्यात शेजारी शेजारी आहेत. ग्रीनव्हिलच्या संग्रहालयात तिच्या वस्तू ठेवल्या आहेत आणि लोक अजूनही त्या बघायला येतात.